मृतांच्या नावावर धावणारी वाहने

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक वाहनाला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविलीच पाहिजे, या आदेशामुळे २०२५ हे वर्ष महाराष्ट्रातील वाहनधारकांना धावपळीचे गेले. मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढवावी लागली. पाटी मागवायची तर वाहनाचा क्रमांक, सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक आणि मालकाचा भ्रमणध्वनी एवढी माहिती द्यावी लागते. ती भरावयास बसल्यावर पुष्कळ घरांत एक निराळीच अडचण उभी राहिली. गाडी दारात होती, किल्ली खुंटीला होती, वापर रोजचा होता. परंतु ज्यांच्या नावावर ती गाडी होती, ते गृहस्थ हयात नव्हते. त्यांचा भ्रमणध्वनी केव्हाच बंद झाला होता, आणि नोंदणीपुस्तक कोणत्या ट्रंकेत ठेवले आहे हे ठाऊक असलेली एकुलती एक व्यक्तीही बहुधा तेच होते. पाटीचा प्रश्न किरकोळ होता. त्याआड दडलेला वारसाचा प्रश्न मात्र किरकोळ नाही, आणि पाटी बसवून तो सुटणारही नाही.

कुर्डुवाडीसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न कसा साचत गेला याची कल्पना येते. हे गाव रुळांच्या आधाराने वाढले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि १८९७ साली तिची अरुंदमापी गाडी येथून बार्शीकडे धावू लागली. पुढे ती एका अंगाने पंढरपूर-मिरजेपर्यंत व दुसऱ्या अंगाने लातूरपर्यंत पोचली. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात आली. या शतकाच्या आरंभी रुळांचे माप बदलले, तरी रेल्वेचा कारखाना गावात राहिला. कारखान्यातले फिटर, स्थानकावरचे कर्मचारी, शाळांतले शिक्षक, कचेऱ्यांतले कारकून अशा पगारदारांची येथे वस्ती. महिन्याच्या पगारावर भिस्त ठेवून या माणसांनी घरात आणलेली पहिली मोठी चीजवस्तू म्हणजे स्कूटर. आकुर्डीची चेतक किंवा साताऱ्याची प्रिया मिळावी म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस होते. एवढ्या प्रतीक्षेने आलेली गाडी सहसा कोणी विकत नसे. मालक निवृत्त झाला, पुढे वारला. गाडी मुलाकडे आली, काही घरांत नातवाकडे. नाव मात्र जुनेच राहिले.

शेतकऱ्यांच्या घरी स्कूटरच्या जागी ट्रॅक्टर आहे, एवढाच फरक. १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले, माढा तालुक्यात ऊस वाढला आणि उसामागोमाग ट्रॅक्टर आला. थोरल्या भावाच्या नावावर कर्जाने घेतलेला, सगळ्या भावांनी चालविलेला आणि वाटणीत धाकट्याकडे गेलेला ट्रॅक्टर खेड्यापाड्यांत नवलाचा नाही. घरातल्या तोंडी वाटणीने त्याचे चाक फिरते. सरकारी नोंदवहीत ते जागचे हललेले नसते.

मध्यंतरी दप्तरेही बदलली. १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरे असत. त्यानंतर सोलापूरला ‘एम एच १३’ ही खूण मिळाली, आणि पुढे अकलूजला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय होऊन ‘एम एच ४५’ ही नवी मालिका सुरू झाली. माढा तालुका अकलूजकडे गेला. त्यामुळे आजोबांच्या गाडीची मूळ नोंद ऐंशी किलोमीटरवरच्या सोलापुरात आणि नातवाचे काम टेंभुर्णीमार्गे अकलूजला, अशी विभागणी होऊन बसली. एका कागदासाठी दोन्ही दिशांना हेलपाटे घालणाऱ्याचा रोज बुडतो, रजा जाते, आणि शेवटी ‘गाडी चालते आहे ना, मग राहू द्या’ या निष्कर्षावर तो येतो.

कायदा थोडक्यात आहे

वस्तुतः या बाबतीतला कायदा मुळीच लांबलचक नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५० व्या कलमात, नोंदणीकृत मालक मरण पावल्यास वाहनाचा ताबा ज्याच्याकडे वारसाने आला त्याने आपल्या रहिवासाच्या हद्दीतील नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, असे सांगितले आहे. त्याची रीत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५६ व्या नियमात आहे. मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत वारसाने मृत्यूची आणि वाहन वापरण्याच्या आपल्या इराद्याची माहिती कार्यालयाला कळवावी. तसे कळविल्यास तीन महिने त्याला ते वाहन स्वतःचे असल्याप्रमाणे वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ मध्ये अर्ज करावयाचा. सोबत मृत्यूचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याचे प्रमाणपत्र जोडावयाचे. शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मे.

तीन कागद आणि थोडेसे शुल्क, एवढ्यावर हे काम व्हावे अशी नियम करणाऱ्यांची अपेक्षा दिसते. ज्या घरात दुःखाच्या प्रसंगीही कागद जागच्या जागी असतात, त्या घरासाठी हा नियम उत्तम आहे. परंतु तीस दिवसांपैकी तेरा दिवस सुतकात आणि दिवसकार्यात जातात. उरलेल्यांत पेन्शन, बँक, भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याची कामे असतात. या यादीत स्कूटर शेवटी येते आणि बहुतेकदा येतच नाही. मुदत उलटून वर्ष लोटते, वर्षांची दहा-वीस वर्षे होतात. त्या अवधीत तीन कागदांपैकी एकेक निसटत जातो आणि साधा नियम अवघड होऊन बसतो.

एक कागद दुसऱ्याच्या आड

नोंदणीपुस्तक हरवले असेल तर दुय्यम प्रत मिळते. त्यासाठी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात ते गहाळ झाल्याची नोंद करावयाची आणि नमुना २६ मध्ये अर्ज द्यावयाचा. पण हा अर्ज नियमाने ‘मालकाने’ करावयाचा आहे, आणि मालक तर स्वर्गवासी. वारस मालक होण्यासाठी नोंदणीपुस्तक हवे. नोंदणीपुस्तकाची दुय्यम प्रत मिळण्यासाठी मालक हवा. विम्याचेही तसेच. विमा कंपनी म्हणते, आधी नाव बदलून आणा. कार्यालयाच्या खिडकीवर सांगतात, आधी चालू विमा आणा. वाहनाची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली असेल तर तिच्या नूतनीकरणाचा अर्जही मालकाचाच लागतो. असे तीन दरवाजे एकमेकांच्या किल्ल्या आत ठेवून बंद झाले, म्हणजे माणूस चौथ्या दरवाजाने, म्हणजे दलालाच्या दुकानातून आत जातो.

हा पेच सोडविणे अशक्य नाही. दुय्यम प्रत आणि वारसाच्या नावावर हस्तांतर हे दोन्ही अर्ज एकत्र घेऊन, पोलिसांचा दाखला व प्रतिज्ञापत्र पाहून आणि सांगाड्याच्या क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा मूळ नोंदीशी ताडून अधिकारी निर्णय देऊ शकतो. लोखंडावर कोरलेला तो क्रमांक कागदापेक्षा अधिक टिकाऊ पुरावा आहे. अडचण येते ती जुन्या नोंदींची. संगणकावरील ‘वाहन’ प्रणालीत सर्वच जुन्या गाड्या चढलेल्या नाहीत. त्यांची माहिती कार्यालयाच्या जाडजूड नोंदवह्यांत आहे आणि तेथून उतारा काढून ती संगणकावर घ्यावी लागते. नोंदवहीचे पान शाबूत असले तर काम होते. ते फाटलेले असेल, तर नागरिकाचा कागद हरवला म्हणून त्याला दोष देणाऱ्या सरकारकडेही तो कागद नसतो.

मृत्यूचा दाखला ही तशीच दुसरी अडचण. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. घरी झालेल्या, खेड्यातल्या जुन्या मृत्यूंची खबर कित्येकदा दिलीच गेलेली नसते. वर्ष उलटल्यावर नोंद करावयाची तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे आणला. कुर्डुवाडीत प्रांत कचेरी असल्याने येथील माणसाला ही वाट पूर्वीपेक्षा जवळची झाली आहे, पण ती माहीत असणारे थोडे.

याहून गुंतागुंतीची अवस्था आहे ती कच्च्या पावतीवर घेतलेल्या गाड्यांची. वडिलांनी गाडी कोणाकडून तरी रोखीने घेतली, सही केलेले कोरे फॉर्म घेतले आणि ते कपाटात ठेवले. आता वडीलही नाहीत आणि मूळ मालकही नाही. अशा वेळी मुलगा हा नोंदणीकृत मालकाचा वारसच ठरत नाही. त्याला त्या दुसऱ्या घराच्या वारसांकडे जाऊन त्यांच्या नावे आधी हस्तांतर करून घ्यावे लागते व मग आपल्या नावे. ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. नोंदणीपुस्तकावर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा असतो. तो उतरविण्यासाठी नमुना ३५ वर बँकेची सही लागते. आणि बँकच भूविकास बँकेप्रमाणे अवसायनात गेलेली असेल तर सही करणारा अवसायक शोधावा लागतो. या बँकेची शेतकऱ्यांकडील थकलेली कर्जे माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ साली घेतला. सातबाऱ्यावरून ओझे उतरले तरी नोंदणीपुस्तकावरचा शिक्का त्याच्या पाठोपाठ आपोआप पुसला जात नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वारस कोण, हा खरा प्रश्न

तथापि सर्वांत महत्त्वाचा हरवलेला कागद सरकारच्या दप्तरात नसतोच. तो घरात असतो. किंबहुना तो कधी लिहिलाच गेलेला नसतो. वडिलांची गाडी थोरल्या मुलाची, असे घरोघर धरून चालतात. कायदा तसे धरून चालत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम वर्गाच्या वारसांकडे जाते, आणि त्यांत मुलगा, मुलगी, विधवा आणि मृताची आई यांचे हक्क सारखे आहेत. २००५ च्या सुधारणेने मुलींना हक्क मिळाला असा सर्वसाधारण समज आहे. ती सुधारणा वडिलार्जित एकत्र मालमत्तेपुरती होती. वडिलांनी पगारातून घेतलेल्या स्कूटरवर लेकीचा हक्क त्या कायद्याच्या पहिल्या दिवसापासून आहे. वारलेल्या मुलाच्या म्हाताऱ्या आईचाही आहे. अन्य धर्मीयांचे वारसाकायदे निराळे आहेत, परंतु तेथेही वारस एकटा क्वचितच असतो.

त्यामुळे परिवहन कार्यालय इतर वारसांची संमतीपत्रे मागते, तेव्हा ते निव्वळ छळ करते असे म्हणता येणार नाही. नियम ५६ च्या तीन कागदांत संमतीपत्राचा उल्लेख नाही हे खरे. पण एका भावाने परस्पर गाडी नावावर करून विकून टाकली तर विधवा आईने दाद कोठे मागावी, हा प्रश्न अधिकाऱ्याने विचारणे गैर नाही. बिघडते ते पुढे. कोणत्या कार्यालयात कोणता कागद पुरेसा मानतील याला धरबंध राहत नाही. कोठे साधे प्रतिज्ञापत्र चालते, कोठे ‘वारस दाखला आणा’ असे सांगतात, आणि वारस दाखला म्हणजे नेमके काय, याविषयी खिडकीच्या दोन्ही बाजूंना गोंधळ असतो.

हा गोंधळ समजून घेण्यासारखा आहे. तलाठ्याकडची वारसनोंद जमिनीपुरती असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली दिवाणी न्यायालय देते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. स्कूटर ही त्या दोहोंतही बसत नाही. महाराष्ट्रात न्यायालयाकडून वारसपत्र मिळते ते चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन क्रमांक ८ अन्वये. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, गावात रेल्वे येण्याच्या सत्तर वर्षे आधी, केलेला हा कायदा अजून चालू आहे. न्यायालय जाहीर नोटीस काढून हरकती मागविते आणि मग वारसपत्र देते. त्या पत्राने मालमत्तेचा हक्क प्रस्थापित होत नाही, कायद्याने व्यवस्था पाहणारा कोण एवढेच त्यातून कळते. वारसांत तंटा असेल तर हा मार्ग योग्यच. पण सारे वारस एकमताने समोर उभे असताना एका जुन्या स्कूटरसाठी कुटुंबाला माढ्याच्या न्यायालयाची पायरी चढावयास लावणे म्हणजे मुंगीवर तोफ डागण्यासारखे आहे. वकिलाची फी गाडीच्या किमतीहून अधिक होते, आणि माणूस कायदेशीर मार्ग सोडून देतो.

प्रतिज्ञापत्राच्या मुद्रांकाचीही अशीच कथा. शासकीय कार्यालयांत दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ सालीच माफ केले. तरीही मुद्रांक विक्रेत्याकडची रांग ओसरली नाही. सवलत राजपत्रात राहिली आणि रूढी खिडकीवर राहिली.

अपघाताच्या दिवशी

नाव बदलले नाही म्हणून काय बिघडते, हा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. त्याचे उत्तर अपघाताच्या दिवशी मिळते. कायद्याच्या व्याख्येत ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच व्याख्या पुन्हा ठामपणे सांगितली. गाडी हातोहात चार जणांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर टाकली. जखमी माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातून फिरली याचा शोध घेत बसावे, ही अपेक्षा न्यायालयाने अमान्य केली. वडिलांनी गाडी विकली, पण नाव काढून घेतले नाही, अशा घरांनी या निर्णयाकडे लक्ष दिले पाहिजे. वडिलांच्या पश्चात त्यांच्या मालमत्तेवर अशी मागणी येऊ शकते.

गाडी स्वतःच्याच घरात असेल तर धोका निराळा आहे. विम्याच्या सर्वसाधारण करारात अशी अट असते की विमेदार वारल्यास विमा लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर तो चालू राहतो. तेवढ्यात वारसाने तो आपल्या नावे करून घ्यावा किंवा नवा काढावा. प्रत्यक्षात मुलगा दरवर्षी वडिलांच्याच नावाने हप्ता भरीत राहतो. पावती मिळते, मन निर्धास्त होते. दावा दाखल होतो तेव्हा मात्र, मृत माणसाशी करार कसा झाला, हा प्रश्न उपस्थित होतो.

त्यातही वैयक्तिक अपघात संरक्षणाची गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ च्या सप्टेंबरात मालक-चालकासाठी हे संरक्षण किमान १५ लाख रुपयांचे केले. दुचाकी घसरून मालक मरण पावला, तर ही रक्कम त्याच्या घराला मिळते. परंतु त्यासाठी चालविणारा हा वाहनाचा नोंदणीकृत मालक असला पाहिजे, विमापत्रावर त्याचे नाव असले पाहिजे आणि त्याच्याकडे चालू परवाना असला पाहिजे. वडिलांच्या नावावरील स्कूटर चालविणारा मुलगा यांतील पहिल्याच अटीला अडतो. २००९ साली निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातील एक प्रकरण आले होते. दुसऱ्याची मोटारसायकल मागून नेणारा तरुण बैलगाडीला धडकून मरण पावला. गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, म्हणून दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाचा आधार त्याच्या कुटुंबाला घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मालकाच्या जागी तर येतो, पण मालकाचे संरक्षण मिळत नाही, अशा फटीत हा चालक सापडतो. आधी कर्ता पुरुष गेलेल्या घरात दुसरा मृत्यू झाला आणि एका न भरलेल्या नमुन्यापायी पंधरा लाख बुडाले, ही शक्यता घरातल्या एकाही माणसाने मनात आणलेली नसते.

नामनिर्देशनाचा रकाना

यातून सुटण्याची एक सोपी वाट २०२१ च्या एप्रिलअखेर निघाली. केंद्र सरकारने नियमांत सुधारणा करून वाहनमालकाला नोंदणीच्या वेळी किंवा नंतरही नामनिर्देशित व्यक्ती नोंदविण्याची सोय केली. मालकाच्या मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला सादर करून त्या व्यक्तीच्या नावे वाहन करता येते. रेल्वे कारखान्यातल्या कामगाराला हा प्रकार नवा नाही. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, कुटुंबनिवृत्तिवेतन या सर्वांसाठी वारसाचे नाव भरल्याखेरीज कचेरीतला कारकून त्याचा कागद पुढे सरकवीत नाही. त्या शिस्तीमुळेच त्याच्या पश्चात त्याच्या बायकोला निवृत्तिवेतन मिळते. वाहनाच्या बाबतीत मात्र नामनिर्देशनाची मुभा आहे, आग्रह नाही. आणि ज्या सोयीचा आग्रह कोणी धरीत नाही, ती नियमांच्या पुस्तकातच राहते.

नामनिर्देशनाने वारसाहक्क मिटतो, असे मात्र समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्तासारखी असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याबाबत १९८३ साली सरबती देवी खटल्यात मांडले. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून चाललेल्या खटल्यातही २०२३ च्या डिसेंबरात न्यायालयाने हाच कौल दिला. तेव्हा नामनिर्देशनाने काम सुकर होते, वाटणी होत नाही. ती घरातच, माणसे हयात आणि शहाणी असताना, कागदावर झालेली बरी.

करावयाचे काय

या प्रश्नात सरकारचे काम आणि घराचे काम अशी दोन कामे आहेत. सरकारचे पहिले काम यादीचे. वारसाच्या हस्तांतरासाठी कोणते कागद लागतील, नोंदणीपुस्तक हरवले असल्यास कोणते, तंटा नसताना न्यायालयाचे वारसपत्र लागणार नाही, आणि दुय्यम प्रत व हस्तांतर यांचे अर्ज एकत्र घेतले जातील, हे राज्यभर एकाच परिपत्रकाने ठरवून प्रत्येक खिडकीवर मराठीत लावावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिलाच आहे. पण कागदांची यादीच निश्चित नसेल तर मुदत सुरू केव्हा झाली हे सांगणार कोण?

दुसरे काम जुन्या गाड्यांपुरते आहे. दुचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, विलंबासाठी दरमहा ३०० रुपयांचा आकार बसला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील दुचाकींसाठी शुल्क २,००० रुपयांवर गेले. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु थकलेला आकार गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला की वारस नाव बदलीत नाही आणि गाडीही मोडीत काढीत नाही. ती तशीच, मृताच्या नावावर, बाजाराला आणि शेताला जात राहते. वारसाच्या अर्जांपुरती एक मुदत ठरवून विलंबाचा आकार माफ करावा. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याने ती नावावर करून घ्यावी. ज्याला नको आहे त्याला कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून मोकळे होता यावे. तालुक्याच्या गावी परिवहन कार्यालयांची शिबिरे भरतातच. त्यांतले वर्षाकाठी एक शिबिर केवळ वारसांच्या अर्जांसाठी ठेवले, तर कुर्डुवाडीच्या माणसाला अकलूजची वाट धरावी लागणार नाही.

तिसरे काम सर्वांत सोपे आहे. २०२३ च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यूच्या नोंदींचा राष्ट्रीय साठा उभारण्याची आणि तो मतदारयादी, शिधापत्रिका, वाहनचालक परवाना यांसारख्या दप्तरांशी जोडण्याची तरतूद झाली आहे. त्यांत वाहननोंदणीचीही भर घालावी. तोपर्यंत नगरपरिषदेच्या ज्या खिडकीतून मृत्यूचा दाखला मिळतो, त्याच खिडकीतून एक छापील चिठ्ठी द्यावी: मृताच्या नावावर वाहन असल्यास तीस दिवसांत कळवा, तीन महिन्यांत नमुना ३१ भरा, विमा नावावर करून घ्या. या तीन ओळींना फार खर्च येणार नाही.

घराचे काम याहून लहान, पण अधिक अवघड आहे. हयात असताना वारसाचे नाव लिहावयाचे म्हणजे स्वतःच्या मरणाचा विचार करावयाचा, आणि तो विचार अशुभ मानण्याची रीत आहे. मरणानंतर नाव बदलावयाचे म्हणजे भावंडांना एका ठिकाणी बसवून कोणाचा हक्क किती हे बोलावयाचे, आणि तेही नकोसे वाटते. गाडी वडिलांच्याच नावावर राहू देण्यात आदरही असतो. पण त्या आदराच्या आड न विचारलेली बहीण, सही न घेतलेली आई आणि पुढे ढकललेली वाटणीही असते. संमतीपत्रासाठी बहिणीच्या घरी जावे लागते, ते बरेच आहे. या निमित्ताने तरी तिचा हक्क एकदा कागदावर मान्य होतो. मग तो तिने भावासाठी सोडला तरी समजून-उमजून सोडला, असे म्हणता येते.

वडिलांची आठवण जपण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. नोंदणीपुस्तकावर त्यांचे नाव ठेवणे ही त्यांतली नव्हे. त्या नावाखाली रोज एक जिवंत माणूस रस्त्यावर उतरतो आणि त्याच्या जिवाची, त्याच्या हातून जखमी होणाऱ्याच्या भरपाईची आणि त्याच्या मागे राहणाऱ्यांच्या उदरनिर्वाहाची हमी त्या नावाला देता येत नाही. ती हमी जिवंत माणसाच्या सहीनेच मिळेल. सरकारने ती सही सुलभ करावी आणि घराने ती वेळेवर करावी.